टोपांच्या दुकानातली निनावी चिठ्ठी

एक

शुक्रवारी सकाळी दुकानाचं कुलूप निघण्याआधीच मुख्याध्यापिका पायरीवर उभ्या होत्या. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, हातात पुठ्ठ्याचा गोल डबा. मालकांनी दार उघडताच त्या आत शिरल्या, डबा काउंटरवर ठेवला आणि त्यावर एक चिठ्ठी आपटली.

"वाचा."

दुकान टोपांचं होतं. नाटकातल्या राजाराणीचे टोप नव्हेत. आजारपणात, वयात किंवा नुसत्या नशिबानं ज्यांचे केस गेले, त्यांच्यासाठी एकेक केस जाळीत ओवून केलेले टोप. इथला टोप घालून माणूस सख्ख्या भावाशेजारी जेवायला बसला तरी भावाला पत्ता लागत नसे. अशा दुकानात केसांपेक्षा गुपित महाग असतं आणि मालकांच्या घराण्यानं ते दोन पिढ्या तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं.

मालकांनी चिठ्ठी वाचली.

'बाई, पहिले तीन दिवस आरशाचं ऐकू नका. चौथ्या दिवशी टोप आपला होतो. उजव्या कानामागे टोचतंय ते आठवड्यात थांबेल. मैदानावरच्या वाऱ्याला तर मुळीच घाबरू नका. हे अनुभवाचे बोल आहेत. सोमवारी निर्धास्त या. एक हितचिंतक.'

शिवी नाही, धमकी नाही, अक्षरसुद्धा सुबक. तरीही मालकांच्या पाचावर धारण बसली.

"काल शाळेतून सह्यांचे कागद घरी आले, त्या गठ्ठ्यात ही होती," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "चार महिने मी रजेवर आहे. आजाराचं सगळ्यांना माहीत आहे, टोपाचं कुणालाही नाही. नवऱ्यालासुद्धा मी तो अजून घालून दाखवलेला नाही. आणि कानामागे टोचतंय, वाऱ्याची भीती वाटते, हे मी या जगात एकाच माणसाला बोलले. मंगळवारी, साडेअकराच्या सुमाराला, फोनवर."

"कुणाला?" मालकांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण माणूस उगाच विचारतो.

"तुमच्या आत्याबाईंना. शाळेत कोण कोण हसतंय, मला माहीत नाही. संध्याकाळी पाचला मला फोन करून सांगा, हे बाहेर कसं गेलं. आत्याबाईंनीच सांगितलं असेल तर त्यांना त्या फोनवरून उठवा. आणि काहीच सांगता येत नसेल, तर हा टोप तुमचा तुम्हाला. मी राजीनामा लिहून ठेवलाय."

दोन

आत्या म्हणजे मालकांच्या वडिलांची धाकटी बहीण. वय एकाहत्तर, त्यातली त्रेचाळीस वर्षं दुकानाच्या पुढच्या खोलीत, फोनशेजारच्या खुर्चीवर. बावन्न वर्षांच्या मालकांना ती अजून 'छोट्या' म्हणायची आणि बाहेरच्यांसमोर म्हणायला तर तिला विशेष आवडायचं.

फोनवर कुणाचंही नाव घ्यायचं नाही हा दुकानाचा नियम तिचाच. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक नंबर. "एकशे सत्त्याऐंशी बोलतेय," असं म्हणायचं आणि कामाला लागायचं. कुठला नंबर कुणाचा हे एका वहीत, वही कपाटात, कपाटाची किल्ली आत्याच्या कमरेला. त्रेचाळीस वर्षांत त्या वहीतलं एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं. लग्नघरी चार बायका गोळा झाल्या की आत्या भाजीपाल्यावर बोलायची, कारण बाकीच्या विषयांत कुठे ना कुठे कुणाचं डोकं यायचं.

मालकांनी आधी बाकीच्यांना विचारून पाहिलं. बाकीचे म्हणजे दोघंच. मागच्या खोलीत गाठकाका बसत, जाळीला केसाच्या गाठी मारणारे. त्यांच्या हाताशीही त्याच फोनचं दुसरं यंत्र होतं, ते उचललं की पुढचं बोलणं ऐकू येई.

"मी उचलला?" गाठकाका भडकले. "दोन्ही हात गाठीत अडकलेले असतात माझे. काय, पायानं उचलू?"

दुसरी भांगवाली, टोप विंचरून भांग पाडणारी. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा स्वभाव. तिनं न विचारता सांगून टाकलं, "माझी जाऊ त्याच शाळेत कारकून आहे. पण दादा, मी तिच्याशी दोन वर्षं बोलत नाही, विचारा कुणालाही!"

मालक मनात चरकले. गठ्ठा कारकुनाच्याच हातून जातो. धागा मिळाला असं वाटेपर्यंत त्यांना आठवलं, मंगळवारी भांगवालीची सुट्टी. शिवाय तिला टोपावरचा नंबर तेवढा दिसतो. नाव दिसत नाही.

आत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघ छोट्या. वहीची किल्ली माझ्याकडे. फोनवर मी. खोलीत मी एकटी. तारेला कान लावून कुणी ऐकलं म्हणावं, तर त्याला नंबर ऐकू आला असता, नाव नाही. नाव मलाच माहीत. तुझ्या जागी मी असते तर मलाच धरलं असतं."

"आत्या, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही, हिशेब आहे." तिनं कमरेची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. त्रेचाळीस वर्षांत मालकांनी ती किल्ली तिच्या अंगाबाहेर प्रथमच पाहिली.

तीन

एक्सचेंजबाईंना बोलवायचं मालकांना सुचलं ते बुद्धीनं नव्हे, घाबरून. फोनला कुणी काही जोडलं असेल तर कळेल, एवढाच विचार.

एक्सचेंजबाईंनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं लाइनी तपासल्या होत्या. तांब्याच्या तारा बंद झाल्या, एक्सचेंजला टाळं लागलं, बाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या आठवड्यात खांद्याला पिशवी अडकवून कामाला लागल्या. शिंपी, दवाखाने, कुलूपवाले, जिथे जिथे जुना फोन आणि त्याला चिकटलेलं जुनं माणूस होतं, तिथे त्या एक छोटी डबी बसवत. डबीच्या एका अंगाला इंटरनेटची तार, दुसऱ्या अंगाला तोच जुना फोन. नंबर तोच, घंटा तीच, फक्त आवाज आता इंटरनेटवरून जायचा. या दुकानात त्यांनी डबी बसवली त्याला तीन आठवडे झाले होते. तेव्हा आत्यानं अट घातली होती, "रिसीव्हर हाच राहील." तो विटकरी फोन विटेइतकाच जड होता. बाई हसून म्हणाल्या होत्या, "फोन बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतील. मी माणसाला फोनसकट जोडते."

आल्या त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या. गाठकाकांच्या फोनकडे वाकून पाहिलं, हात लावला नाही.

"मालक, इकडे या. यावर केसांची बारीक भुकटी बसलीय, पीठ चाळल्यासारखी. बोटाचा ठसा कुठे दिसतोय?"

कुठेच नव्हता. "गाठकाका सुटले," बाई म्हणाल्या. गाठकाकांनी मान वर न करता "उपकार झाले" असं म्हटलं.

मग बाईंनी डबी उघडून पाहिली, तार बोटांत धरून भिंतीपर्यंत गेल्या. कुणी काही जोडलेलं नव्हतं. त्या पुढच्या खोलीत आल्या आणि आत्याकडे न पाहता मालकांना म्हणाल्या, "त्या बाईंना तुमच्या मोबाईलवरून फोन लावा. मला एकच विचारायचंय."

मुख्याध्यापिकांचा आवाज कोरडा होता. बाईंनी विचारलं, "मंगळवारच्या फोनवर आत्याबाईंचं बोलणं सोडून आणखी काय ऐकू आलं? काहीही. मूर्खपणाचं वाटलं तरी सांगा."

पलीकडे मुख्याध्यापिका आठवू लागल्या. मग, "आवाज थोडा खोल येत होता, विहिरीतून आल्यासारखा. आणि... हसाल तुम्ही. मला शाळेची घंटा ऐकू आली. मधल्या सुट्टीची. मागोमाग पोरांचा गलका. मी घरी, पलंगावर. शाळा माझ्या घरापासून पाऊण तासावर. म्हटलं, औषधांनी केस नेले, आता डोकंही नेतंय."

"तुमचं डोकं ठणठणीत आहे," एक्सचेंजबाई म्हणाल्या. फोन बंद करून त्यांनी मालकांकडे पाहिलं. "घंटा खरीच वाजली. त्या फोनवर दोन नव्हे, तीन माणसं होती."

चार

"म्हणजे कुणी चोरून ऐकत होतं?" मालकांनी विचारलं.

"थांबा. साप म्हणून भुई धोपटायला नको." बाई आत्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "आत्याबाई, मला मंगळवारची सकाळ करून दाखवा. सांगू नका, करा. मी बाहेरून गिऱ्हाईक होऊन फोन करते. माझं काम झालं की जसा मुख्याध्यापिकांना लावलात तसा छोट्यांना लावा. ते मागच्या खोलीत मोबाईल घेऊन बसतील."

छोट्या म्हटल्यावर भांगवाली खुसकन हसली. मालकांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

बाई रस्त्यावर गेल्या, पलीकडच्या चष्म्यांच्या दुकानापाशी उभ्या राहिल्या. दुकानातला फोन वाजला. मागच्या खोलीच्या दारातून मालकांना आत्या दिसत होती. तिनं रिसीव्हर मानेत धरला, उजव्या हातात पेन्सिल. "हं, बोला. पुढच्या बुधवारी चार वाजता या." पेन्सिल चालली, आणि डाव्या हाताच्या करंगळीनं तिनं फोनच्या, रिसीव्हर ठेवला की दबतो त्या खटक्यावर पट्कन टिचकी मारली. रिसीव्हर खाली ठेवलाच नाही. लगेच तीच करंगळी बटणांवर फिरली. मालकांनी हे हजार वेळा पाहिलं होतं आणि म्हणूनच कधी पाहिलं नव्हतं. दिवसाला साठ-सत्तर फोन करणारी बाई प्रत्येक वेळी वीट उचलून ठेवत बसली असती तर तिचं मनगट केव्हाच गेलं असतं.

मालकांच्या हातातला मोबाईल वाजला. त्यांनी उचलला. पलीकडे आत्यानं सवयीनं आणखी एक हलकी टिचकी मारली.

"छोट्या," आत्या फोनवर म्हणाली. समोर दिसत असूनही तिचा आवाज जरा खोल आला. "कुणी ऐकत नाहीये तोवर सांगते. दोष माझा निघाला तर मला ठेवून घेऊ नकोस. मी रागावणार नाही. फक्त माझ्या जागी गाठकाकांना बसवू नको, ते गिऱ्हाइकांवर खेकसतील."

सकाळपासून मालकांनी मनातल्या मनात तीनदा तिला उठवलं होतं आणि तीनदा परत बसवलं होतं. "आत्या," ते एवढंच म्हणू शकले.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. एक्सचेंजबाई रस्त्यावरून आत आल्या. मोबाईल अजून कानाला, डोळे किंचित ओले.

"गाठकाका इतकेही वाईट नाहीत हो," त्या म्हणाल्या.

आत्याच्या हातातला रिसीव्हर टेबलावर पडला.

पाच

"जुन्या लाइनीवर तुमची पहिली टिचकी म्हणजे फोन तोडणं," बाई सांगू लागल्या. "आमचं जुनं एक्सचेंज तेवढ्यानं समजायचं. डबीला मात्र वेगळं शिकवलेलं आहे. टिचकी बसली की ती समजते, या माणसाला थांबवून ठेवायचंय आणि दुसऱ्याला फोन लावायचाय. मी पलीकडे उभी होते. फोन तुटला नाही. कानात मंजूळ सुरावट वाजायला लागली. म्हटलं, थांबायला सांगितलंय. कुठलाही सभ्य माणूस थांबेल. मग तुम्ही दुसरी टिचकी का मारलीत?"

"खरखर जावी म्हणून," आत्या हळूच म्हणाली. "समोरच्यानं उचललं की मी एक हलकी मारते. चाळीस वर्षं आमच्या फोनला खरखर होती. टिचकी मारली की स्वच्छ यायचं."

"यायचंच. खटक्यावरचा गंज झटकला जायचा. आता खरखर नाही, पण करंगळीला कोण सांगणार? डबीच्या दृष्टीनं दुसऱ्या टिचकीचा अर्थ, थांबवलेल्या माणसाला घ्या बोलण्यात. झाले तिघं एकत्र."

"जित्याची खोड," आत्या स्वतःवरच चिडून म्हणाली.

"खोड नव्हे, कसब. मी अठ्ठावीस वर्षं ऑपरेटरांचे हात पाहिलेत, एवढी स्वच्छ करंगळी पाहिली नाही." बाईंच्या बोलण्यात लाडीगोडी नव्हती, गवयानं गवयाला द्यावी तशी दाद होती. "चूक असेल तर निम्मी माझी. डबी बसवली तेव्हा मी तार पाहिली, भिंत पाहिली, फोन पाहिला. फोन वापरणारा हात पाहिला नाही."

त्यांनी पिशवीतला छोटा संगणक उघडून डबीत साठलेली नोंद काढली आणि एका कागदावर उतरवली. अकरा सव्वीसला बाहेरून एक फोन आला. अकरा अठ्ठावीसला इथून मुख्याध्यापिकांना लागला. पहिला मात्र अकरा एकेचाळीसपर्यंत चालूच होता. तीन आठवड्यांत असं एकदाच घडलं होतं, बाकीच्यांनी टिचकीआधीच आपापले फोन ठेवले होते.

"पण नाव?" मालक म्हणाले. "आत्यानं नाव घेतलंच नसणार."

"नावाची गरजच पडली नाही. रोज प्रार्थनेनंतर सूचना देणारा आवाज कोण ओळखणार नाही? शाळेची घंटा तिसऱ्या टोकाला वाजली. तो माणूस शाळेतच उभा होता. चोरून ऐकायला नव्हता आला, तुमच्याकडे वेळ मागायला आला होता. ओळखीचा आवाज रडवेला झालेला ऐकला आणि त्याला फोन ठेववला नाही. ऐकलं हे कबूल करायची लाज वाटली, पण गप्पही बसवेना. म्हणून निनावी चिठ्ठी. त्यानं स्वतःच लिहिलंय, अनुभवाचे बोल. तोही तुमचंच गिऱ्हाईक आहे." बाईंनी कागद आत्यापुढे सरकवला. "फोन नंबर इथे आहे. कुणाचा ते मला कळायला नको."

आत्यानं टेबलावरची किल्ली उचलली, कपाट उघडलं, वहीत पाहिलं. मग कागद उलटा करून त्याचे चार तुकडे केले. पण मालकांनी तिच्या खांद्यावरून वहीतली ओळ वाचली होती. एकशे बारा. त्या शाळेचे क्रीडाशिक्षक. नऊ वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, दिवसभर मैदानावर वाऱ्यात पळणारा माणूस, आणि साऱ्या शाळेला ज्याच्या दाट केसांचा हेवा.

बाईंनी पाच मिनिटांत डबीची ती शिकवण काढून टाकली. "आता टिचकीला डबी दाद देणार नाही. फोन तोडायचा तर रिसीव्हर खाली ठेवायचा."

"जड आहे तो," आत्या कुरकुरली.

"म्हणून तर दणकट आहे."

साडेचार वाजले होते. खरी अडचण आता मालकांच्या ध्यानात आली. मुख्याध्यापिकांना पटवायचं तर एकशे बाराचं नाव सांगावं लागणार. आणि ते सांगितलं, तर दुकान खरंच केसानं गळा कापणारं ठरणार.

सहा

पाचच्या ठोक्याला आत्यानं स्वतः फोन लावला. मालक मोबाईलवरून बोलतो म्हणत होते, यंत्राचा दोष सांगून मोकळं होऊ म्हणत होते. तिनं त्यांना हातानंच गप्प केलं. पलीकडे फोन उचलला गेला, तेव्हा तिची करंगळी खटक्यापर्यंत गेली, हवेत थांबली आणि मागे आली.

"बाई, मी आत्या बोलतेय. तुमचं गुपित माझ्याच हातून गेलं. मुद्दाम नाही, पण माझ्याच हातून." तिनं टिचकीपासून सुरावटीपर्यंत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, डबीवर ढकललं नाही. खोली इतकी शांत होती, की रिसीव्हरमधला मुख्याध्यापिकांचा आवाज मालकांना दारापर्यंत ऐकू येत होता.

"म्हणजे तुमचं आणखी एक गिऱ्हाईक मध्ये अडकलं होतं. कोण ते?"

"ते मी सांगणार नाही."

"माझी सोमवारची शाळा त्यावर अवलंबून आहे, आत्याबाई."

"माहीत आहे. माझी खुर्चीही अवलंबून आहे. तुमचं चुकून गेलं, त्याची लाज मला मरेपर्यंत राहील. पण त्यांचं मी जाणूनबुजून देऊ? उद्या मला तुमच्याबद्दल कुणी असंच अडवून विचारलं, तर मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

मालकांनी डोळे मिटून घेतले. एक्सचेंजबाई पिशवीचा पट्टा घट्ट धरून उभ्या होत्या.

"आत्याबाई," मुख्याध्यापिका सावकाश म्हणाल्या, "चिठ्ठी शाळेच्या गठ्ठ्यातून आली. घंटाही आमचीच होती. तो माणूस आमच्या शाळेतला आहे."

"मी काही बोलले नाही."

"तुम्ही नका बोलू, मी बोलते. आमच्या स्टाफरूममध्ये बावीस माणसं बसतात. त्यांतल्या एकाच्या डोक्यावर तुमचा टोप आहे. कधीपासून?"

"बरीच वर्षं."

"मी अकरा वर्षं त्या सगळ्यांच्या समोर बसते. रोज. आणि मला..." त्यांचा आवाज अडखळला. मग त्या हसल्या. आधी थोडं, मग खळखळून. चार महिन्यांत आपण असं हसलो नव्हतो, हे त्यांनी नंतर मालकांना सांगितलं. "मला कधीच कळलं नाही, आत्याबाई!"

"नाही ना कळलं?"

"नाही."

"मग तुमचंही कळणार नाही."

मालकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. एकदम भरून आलं होतं आणि भांगवाली बघत होती.

"डबा उद्या सकाळी न्यायला येते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "सोमवारी पहिला तास माझाच आहे. आणि मालकांना सांगा, पुढच्या वेळी मी फोन केला, तर तो तुम्हीच उचलायचा. दुसऱ्या कुणी उचलला तर मी ठेवून देईन."

"सांगते," आत्या म्हणाली, आणि तो विटेसारखा रिसीव्हर दोन्ही हातांनी नीट जागेवर ठेवला.